ताम्हिणीच्या घाटात नेलेला नारळ

आमच्या कोन गावाहून निघालो तेव्हा उजाडत होतं. पुढे चार सायकली, मागे नामदेवचा टेम्पो, आणि टेम्पोत नामदेवशेजारी मी. मांडीवर पिशवी आणि पिशवीत नारळ.

सायकलवाल्यांत माझी नात प्राची होती. नवीन पनवेलचा एक दातांचा डॉक्टर होता, आणि रोडपालीचे दोघे भाऊ. पेण, नागोठणे, कोलाड करून ताम्हिणीचा घाट चढायचा, वर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, असा बेत. टेम्पोत पाणी, केळी, उकडलेले बटाटे आणि सायकलींची हत्यारं. मी आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेतली होती.

मी का गेले ते आधीच सांगते. माझा मुलगा जनार्दन, म्हणजे प्राचीचा बाप, याच मंडळींबरोबर सायकल चालवायचा. दोन वर्षांपूर्वी ताम्हिणीच्या चढावर तो कोसळला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. माझी सून सुरेखा म्हणते, सायकल. आता पोरगी त्याचीच सायकल घेऊन त्याच घाटात निघाली होती. सुरेखानं नारळ देव्हाऱ्यासमोर ठेवला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, "वर घाटातल्या देवीसमोर तिच्याकडून आन घ्या. परत सायकलवर बसणार नाय म्हणून."

आमच्याकडे नारळावर हात ठेवून घेतलेली आन (शपथ) कोणी मोडत नाही. माझ्या माहितीत कोणी मोडलेली नाही. मीही हो म्हणाले. मलाही तेच हवं होतं. प्राचीला यातलं काही माहीत नव्हतं.

पळस्प्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलो. कर्नाळ्याचं जंगल मी आजवर एसटीतून पाहिलेलं, म्हणजे पाहिलंच नव्हतं. सायकलीच्या मागे टेम्पो माणसाच्या पळण्याइतका चालतो. त्यामुळे झाडाखालची वारुळं दिसली, ओल धरलेली जागा दिसली, वर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका बराच वेळ सोबत होता. पुढे पेणपासून रस्ता खणून ठेवलेला. वडखळला ट्रकांची रांग लागली होती. सायकली तिच्या कडेकडेनं निघून गेल्या आणि आम्ही धुरात बसून राहिलो.

"काकी, नारळ मागं डब्यात ठेवा की," नामदेव म्हणाला. "तान्ह्या पोरासारखा काय धरलाय?"

"देवाचा हाय. टेकवायचा नाय."

"आणि मी गतिरोधकावर उडवला तर?"

"तर आधी तू खाली पडशील."

देवाला नेलेला नारळ वाटेत जमिनीला टेकवायचा नाही आणि देवाच्या आधी फोडायचा तर नाहीच. आमच्या घरची रीत तशी आहे.

कोलाडला नदीवरच्या एका टपरीत चहा झाला. सायकलवाल्यांचे कपडे अंगाला चिकटलेले, मागून पॅड लावलेले, त्यामुळे ते बदकांसारखे चालत होते. टपरीवाली बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मला विचारलं, "तुमच्यातली हाय का कोन?"

"ती पोरगी. नात."

"लगीन?"

"नाय झालं."

"मंग हुईल," असं म्हणून तिनं प्राचीला एक केळं फुकट दिलं.

डॉक्टर माझ्याशेजारी येऊन बसला. "आजी, दात किती शिल्लक आहेत?"

"तुझं पोट भरंल इतके नाय."

तो मोठ्यानं हसला. चांगला माणूस होता. जनार्दन पडला तेव्हा त्याची छाती दाबत बसला होता तो हाच. मी त्याला ते कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

कोलाडवरून रस्ता आत वळतो आणि गर्दी संपते. दसरा होऊन गेला होता. दोन्ही बाजूंनी भात पिवळं पडत आलेलं. आमच्या कोनला आता असं शेत उरलेलं नाही, म्हणून मी पाहून घेतलं. विळे गावाच्या पुढे कारखाने लागले, ते मागे पडले आणि समोर डोंगर एकदम उभा राहिला. सायकलीनं यावर जायचं हे मला खरं वाटेना.

"कोनी मागं लागलंय का गं तुमच्या?" मी प्राचीला ओरडून विचारलं.

"आजी, बोलायला लावू नकोस, दम जातो!" ती म्हणाली, आणि खाली मान घालून पाय मारत राहिली.

घाटात वळणावर खडी सांडली होती. डॉक्टर त्या खडीवर घसरला. कोपर सोलून निघालं, रक्त थांबेना, हात वर उचलता येईना. प्राची त्याच्या मागेच होती. तिनं आपल्या दोन्ही बाटल्यांचं पाणी त्याच्या हातावर ओतलं, आणि आम्ही मागून पोचेपर्यंत त्या रिकाम्या झाल्या. नामदेवनं त्याला आणि त्याच्या सायकलीला टेम्पोत घातलं. खाली निजामपूरला दवाखान्यात न्यायचं ठरलं. त्या गडबडीत प्राचीच्या बाटल्या भरायचं कोणालाच सुचलं नाही. रोडपालीचे भाऊ तर केव्हाच पुढे गेले होते.

"ती जागा किती लांब?" मी नामदेवला विचारलं. जनार्दन गेला त्या दिवशीही टेम्पो त्याचाच होता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "वरचं दुसरं वळण. पांढरा कठडा, बाजूला ऐनाचं झाड."

"मला तिथं सोड आणि मग खाली जा."

त्यानं सोडलं. प्राची मागून चढत होती.

त्या जागेवर काही नव्हतं. रस्ता, कठडा, झाड. मला वाटलं होतं की पाहिल्यावर कळेल, पण कळण्यासारखं तिथं काही नव्हतं. मी कठड्यावर बसले. खाली दरी दाट हिरवी, समोरच्या कड्यावर पाण्याची एक बारीक धार. झाडावर शेकरू (मोठी तांबडी खार) आलं, शेपूट खाली सोडून माझ्याकडे बघत बसलं आणि गेलं. गाडी फारशी येत नव्हती. जनार्दनानं शेवटचं हेच पाहिलं असेल, तर वाईट नव्हतं. एवढंच मनात आलं.

दोन म्हशी घेऊन एक धनगर वरून उतरला.

"मावशी, हितं का बसलाय? गाडी बंद पडली व्हय?"

"नाय. नातीची वाट बघते. सायकलवर हाय."

"दोघं सायकलवालं गेलं वर, पोरगी नाय दिसली," तो म्हणाला. खालच्या वळणाकडे डोकावला. "ही बगा, येतीया. सायकलवर कुठं, सायकल ढकलतीया."

प्राची चालत आली. चढावर उतरून चालणं या लोकांच्या मनाला फार लागतं. चेहरा लाल, आणि गालांवर मिठाचे पांढरे ओघळ सुकलेले. मिठागरात काम करायचो तेव्हा आमचे चेहरे असेच व्हायचे. तिनं सायकल कठड्याला टेकवली आणि रस्त्यावरच बसली. पायात गोळे आले होते. मी पोटरी चोळायला गेले तर किंचाळली.

"पाणी आहे?"

माझ्याकडे पाणी नव्हतं. टेम्पो खाली, फोनला रेंज नाही. धनगर म्हशींच्या मागे निघून गेला होता.

पिशवीत नारळ होता.

आन घ्यायची तर याहून चांगली वेळ नव्हती. बाप गेला ती जागा, पोरगी उठू शकत नव्हती, आणि मी वडीलधारी. नारळ पुढे केला असता तर तिनं हात ठेवला असता. देवळापर्यंत जायची गरजच नव्हती. हे सगळं मला तिथं बसल्या बसल्या स्वच्छ दिसत होतं.

मी नारळाची शेंडी उपटली, डोळा काडीनं फोडला आणि तिच्या तोंडाला लावला.

"आजी, हा देवाचा ना?"

"पी."

ती सगळं पाणी प्यायली. मग मी नारळ कठड्याच्या काठावर आपटून फोडला आणि खोबरं तिला दिलं. तिनं अर्ध्याहून जास्त खाल्लं. पायाचे गोळे हळूहळू सुटले.

"कशासाठी आणला होतास?"

मी सांगितलं. आईनं दिला, आन घ्यायला. लपवायचं कशाला?

ती खोबरं चावत राहिली. "मी घेतली नसती."

"आता, हितं घेतली असतीस."

तिनं वर ऐनाच्या झाडाकडे पाहिलं. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा इथेच ना?"

"हितंच."

ती उठली. कठड्याला हात लावला, पाय झाडले आणि सायकलवर बसली. "आजी, तू?"

"टेम्पो येईल. तू जा. हळू जा."

ती वळणावरून दिसेनाशी झाली. साखळीचा आवाज थोडा वेळ येत होता, मग तोही थांबला. मी करवंट्या पिशवीत टाकल्या आणि बसून राहिले.

डॉक्टर हाताला पट्टी बांधून टेम्पोतून परत आला. वर ताम्हिणीला पोचलो तेव्हा प्राची देवळाच्या पायरीवर बसली होती. शेजारच्या दुकानात नारळ मांडलेले होते.

"नारळ घ्या ना, मावशी," दुकानवाली म्हणाली. "देवीकडं रिकाम्या हातानं नका जाऊ."

"आज रिकाम्याच हातानं जायचंय," मी म्हणाले, आणि तशीच आत गेले.

रात्री गावातल्या एका घरी नाचणीची भाकरी आणि पिठलं जेवलो. मी सुकटीची चटणी काढली. डॉक्टर डाव्या हातानं खात होता, त्यानं तीनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी उतार. जे चढायला दुपार गेली ते सायकली बघता बघता उतरल्या. तेव्हा मात्र मी डोळे मिटून घेतले.

गावातल्या बायका विचारतात, घाट कसा आहे? जंगल चांगलं आहे, रस्ता कोलाडपर्यंत वाईट आहे. तिथं जाऊन माझं दुःख हलकं झालं असं कोणी समजू नये. पोरगी सायकल काढते तेव्हा मला आजही भीती वाटते. ती भीती माझी आहे, मी सांभाळीन. तिच्या गळ्यात बांधायची नाही, एवढं मी त्या कठड्यावर ठरवलं.

घरी पोचलो. प्राची आंघोळीला गेली. सुरेखानं दार लावून विचारलं, "घेतली आन?"

"नाय."

"आणि नारळ?"

"पोरीला दिला. पाणी नव्हतं."

सुरेखा भांडेल असं मला वाटलं होतं. ती चुलीकडे तोंड करून उभी राहिली. तांदूळ धुतले, पुन्हा धुतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती जागा बघितली?"

"बघितली."

"सावली हाय का तिथं?"

"हाय," मी म्हणाले. "ऐनाचं झाड हाय. मी बसले होते."