गलबताच्या शिडातली चीर

सिंगापुरात मरीन परेडला राहणाऱ्या सुलेखा दामले यांनी एकतीस वर्षं बँकेत सह्या पडताळल्या. खरी सही कुठली आणि गिरवलेली कुठली, हे त्यांना एका नजरेत कळे. निवृत्तीनंतर घरी बसून राहणं काही जमेना. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनाची तयारी चालली होती. तिथे त्या दर गुरुवारी मदतीला जाऊ लागल्या.

प्रदर्शनाचं काम प्रबोध नावाच्या तरुण संशोधकाकडे होतं. त्याने एकदा चारएकशे वर्षांपूर्वीची दोन पुस्तकं समोर ठेवली. दोन्हींत एकाच गलबताचं चित्र.

"एकच लाकडी ठसा आहे, काकू. लाकडावर चित्र कोरायचं, शाई लावायची, कागदावर दाबायचं. या पुस्तकावर साल नाही, पण जाणकारांच्या मते हेच आधीचं."

सुलेखाताईंनी भिंग लावलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "उलटं आहे."

"म्हणजे?"

"साल छापलेल्या पुस्तकात शिडावर केसाएवढी पांढरी रेघ आहे बघ. लाकडाला चीर गेलीय. बिनसालीच्या पुस्तकात तीच चीर पार पाण्यापर्यंत उतरलीय. चिरलेलं लाकूड आपोआप सांधतं होय?"

प्रबोध हसला. "अहो, शाई कमी लागली असेल!"

ते हसणं त्यांना लागलं. पण वाद न घालता त्यांनी बिनसालीचं पुस्तक पान न् पान पाहिलं. छापणाऱ्याने तोच ठसा आणखी तीन ठिकाणी वापरला होता.

"शाई चारही वेळा नेमकी तिथेच कमी लागली का रे?"

आता भिंग प्रबोधने घेतलं. चारही पानं पाहून त्याचे कान लाल झाले. "चुकलं माझं, काकू," तो म्हणाला, आणि त्याच दिवशी त्याने परदेशातल्या जाणकारांना फोटो पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: बाईंचं बरोबर आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी काचेच्या पेटीशेजारी पाटी होती: 'या पुस्तकांचा क्रम सुलेखा दामले यांनी लावला.' त्यांचे यजमान निशिकांतराव ती दोनदा वाचून म्हणाले, "अगं, आडनावही बरोबर लिहिलंय!"

शाळेच्या सहलीबरोबर आलेली एक चिनी मुलगी पाटीवर बोट ठेवून विचारू लागली, "आंटी, हू इज धिस?"

सुलेखाताई ताठ उभ्या राहिल्या. "दॅट्स मी," त्या म्हणाल्या, आणि तिला पेटीजवळ घेऊन गेल्या.