भोपळा म्हणा, आजोबा

साऱ्या अंबरनाथमध्ये स्वच्छ माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे माझ्या बायकोची मावशी. बाकीचे आम्ही, म्हणजे मी, माझे साहेब, नाक्यावरचा पोलीस, सगळे त्यांच्या लेखी आंघोळीला टाळाटाळ करणारे. इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्यावर लोक मुलाकडे राहायला जातात; मावशी पालेगावच्या वृद्धाश्रमात गेल्या, आणि तेही राहायला नव्हे, राज्य करायला. ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हा पालेगावात भातशेतीच जास्त होती आणि तिच्यातली ती बैठी इमारत फिनेलच्या वासावरून दुरूनच ओळखू यायची. कारखाना सुटल्यावर मी भेटायला गेलो की आधी दोन्ही हात पुढे करून नखं दाखवायची, मग चहा. एकदा पेढे नेले, तर मला हात धुवायला पाठवून त्यांनी पुड्याकडे असं पाहिलं की आता यालाही साबण लागणार.

साबण तिथे नळाला टांगलेल्या नायलॉनच्या मोज्यात असायचा. म्हाताऱ्या हातातून वडी निसटते, ती उचलायला वाकलं की माणूस पडतो, म्हणून ही युक्ती. मोजा कोणाचा, हे विचारायचं नाही. औषधांचं तर विचारू नका. काही आजोबा गोळी जिभेखाली लपवून नंतर कुंडीत थुंकत. मावशींनी शोध लावला की तोंडात गोळी असताना माणसाला ‘भोपळा’ म्हणता येत नाही. मग काय, गोळी झाली की भोपळा. एकदा कोणी देणगीदार हार-नारळ घेऊन आले, तेव्हा सगळा हॉल एका सुरात भोपळा म्हणत होता. आश्रमाचं प्रार्थनागीत समजून त्यांनीही हात जोडून म्हटलं.

या राज्यात बंडखोर एकच निघाला, उल्हासनगरचे एक सिंधी काका. आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलेलं. बायको गेल्यापासून त्यांनी आंघोळ जवळजवळ सोडलीच होती. पाठीवर पाणी तीच घालायची, आता कशाला, असं म्हणायचे. त्यावरून सुनेशी वाद वाढत गेला आणि मुलगा त्यांना इथे ठेवून गेला. झोपतानाही पायात कॅनव्हासचे बूट. त्यांना साखरेचा आजार होता आणि मावशींच्या नाकाला त्या बुटातला वास बरा वाटत नव्हता. डॉक्टरलाही काकांनी पायाला हात लावू दिला नाही.

मावशी तडक उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात गेल्या आणि तिथला सगळ्यात टाकाऊ टॉवेल घेऊन आल्या. काकांसमोर त्याची घडी उलगडत मला सांगू लागल्या, की असा पाणी टिपणारा टॉवेल उभ्या उल्हासनगरात नाही. काकांनी दोन बोटांत कापड चोळलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अदी,” ते म्हणाले. ताईला ते लोक अदी म्हणतात. “ये टॉवेल पानी को हाथ नहीं लगाएगा. किसने पकडाया आपको?”

“टिपतो,” मावशी म्हणाल्या.

“नहीं टिपता.”

“मग दाखवा.”

काका उठले. बूट काढले, न्हाणीघरात गेले, डोक्यावरून तांब्यामागून तांबे ओतले आणि निथळत बाहेर आले. टॉवेलने पाणी अंगभर फक्त फिरवलं. काका विजयाने हसत होते आणि मावशी खाली वाकून त्यांचा पाय पाहत होत्या. अंगठ्याखाली जखम चिघळली होती. काकांना ती जाणवतही नव्हती. आणखी थोडे दिवस गेले असते तर पाय कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले.

मग रोज आंघोळ, रोज ड्रेसिंग. पाय धुताना काका मावशींना कापड ओळखायला शिकवायचे आणि मावशी मुद्दाम चुकायच्या. जखम भरली. मुलगा भेटायला आला, तर बाप स्वच्छ दाढी करून व्हरांड्यात फेऱ्या मारतोय. तो बापाच्या पायाशी बसून राहिला आणि पुढच्या रविवारी बायकोला घेऊन त्यांना न्यायला आला.

मी तेव्हा तिथेच होतो. काका चालत फाटकापर्यंत गेले, वळून मावशींना हात जोडले आणि रिक्षात बसले. रिक्षा दिसेनाशी झाली तरी मावशी उभ्याच होत्या.

“इथून घरी परत गेलेलं हे पहिलंच माणूस,” त्या हळूच म्हणाल्या.

मग पायरीवर बसल्या. त्यांना असं नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आत कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. उठण्यासाठी त्यांनी माझ्यापुढे हात केला, आणि तो हात किती हलका झालाय, हे मला त्या दिवशी कळलं.