लंडनची मोलकरीण आणि आमचे अध्यक्ष

जुन्या विलायती गुप्तहेरकथांत मोलकरणीला दोनच कामं असतात: दार उघडायचं, आणि प्रेत दिसलं की किंचाळायचं. मग ती कुठं जाते, हे कोणी विचारत नाही. आमच्या वहिनींनी विचारलं. तेलंगणातल्या आदिलाबादेत त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की यवतमाळच्या माहेराहून आणलेली असल्या कथांची भाषांतरं त्या वाचायच्या. घर झाडणारीला घरातलं सगळ्यात आधी कळणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी कादंबरीच लिहिली. राणीच्या काळातलं लंडन, धुकं, घोडागाड्या, आणि खुनी शोधणारी मोलकरीण. नामांकित गुप्तहेर त्यात होता, पण चुकीच्या माणसाला पकडण्यापुरता.

ती छापून यावी, एवढीच त्यांची इच्छा. इकडं मराठी पुस्तक छापतं ते आमचं साहित्य मंडळ, आणि मंडळ म्हणजे अध्यक्ष. ते कापसाचे अडते. शाल पांघरूनच जन्मले असावेत, असा माझा जुना संशय आहे. बैठकीत त्यांच्या शेजारी बसायला शिकल्यासवरल्या माणसांची जी चढाओढ चालते, ती पाहून मी मागची खुर्ची धरतो.

वहिनींबरोबर मी मंडळाच्या बैठकीला गेलो. बाजारात अध्यक्ष गाडीत हात खुपसून मूठभर कापूस उपसतात, बोटांत ताणून बघतात आणि अख्ख्या गाडीचा भाव सांगतात. हस्तलिखितातही त्यांनी तसाच मध्येच हात घातला, चार पानं उपसली आणि दोन ओळी वाचल्या.

"हे बाई तं कपबशा धुऊन राह्यली," ते म्हणाले. "ताई, हिरो कुठं हाये?"

सगळे हसले. आयुष्यभर साहित्य शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक तर म्हणाले, शेठनी नेमकं मर्मावर बोट ठेवलं.

त्याच पानावर, थोडं खाली, मोलकरणीला एका कपाच्या तळाशी न विरघळलेली साखर सापडते. मेलेला मालक बिनसाखरेचा चहा घेणारा. म्हणजे त्याच्यासमोर दुसरं कोणी बसलं होतं. सगळं गूढ तिथंच सुटतं. मी हे सांगू लागलो तर अध्यक्षांनी हात वर केला. भाव सांगून झाल्यावर ते गाडीवाल्याचंही ऐकत नाहीत. त्यांनी तोडगा काढला: खुनी शोधू द्या त्या मोठ्या गुप्तहेराला, बाई राहू द्या चहा आणायला, मग दिवाळीनंतर छापू. प्राध्यापकांनी लगेच 'व्यापक वाचकवर्ग' हे शब्द उच्चारले.

वहिनींनी पानं गोळा करून नीट क्रमानं लावली. "मंग राहू द्या, शेठ," त्या म्हणाल्या.

मंडळाला दिवाळीनंतर पुस्तक तर हवंच होतं. अध्यक्षांच्या सुविचारांचं निघालं, गुळगुळीत कागदावर. प्रस्तावनेत प्राध्यापकांनी त्यांची तुलना समुद्राशी केली होती. समुद्र इथून सोयीस्कर लांब आहे.

प्रकाशन समारंभाच्या आदल्या दिवशी प्राध्यापक दुकानात आले. मी तिथंच बसलो होतो. पाहुण्यांना ओवाळायला एक सुवासिनी हवी होती, आणि अध्यक्षांनी आठवणीनं वहिनींचं नाव सुचवलं होतं. हा मान आहे, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

वहिनींनी बांगड्यांवरची नजर काढली नाही. "काऊन, सर? शेठच्या घरी बाया नाईत का?"

शेवटी प्राध्यापकांच्या सुनेनं ओवाळलं. भाषणांत सगळ्यांचे आभार मानले, तिचे राहिले. वहिनींची कादंबरी अजून छापलेली नाही.