शेवटच्या ओळीतले गुरुजी

श्री. केशवराव मोहोळकर गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून गौरवअंकात त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे मला सांगण्यात आले. गुरुजी चार शब्दांत मावत नाहीत आणि मला लिहिण्याचा सराव नाही, अशी दुहेरी अडचण आहे. तरी त्यांच्याजवळ पंधरा-सोळा वर्षे काढली आहेत, तेव्हा पाहिले तेवढे सांगतो.

प्राथमिक शिक्षक होण्यासाठी मी वळसंगहून सोलापूरच्या ट्रेनिंग कॉलेजात आलो, तेव्हा गाण्याचा तास सगळ्यांना सक्तीचा होता. आमच्या घरात कानडी बोलत. मी मराठीच बिचकत बोलायचो, मग गाण्याचे तर विचारायलाच नको. पहिल्याच तासाला उभा राहून म्हणालो, “गुरुजी, मला गाणं न्हाय येत. मला सोडा.”

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिले. “लहानपणी भूक लागली की आईला हाक मारायचास का?”

“व्हय की.”

“मग ती कशी मारायचास, तेवढी मार.”

मी भर वर्गात “अव्वा” अशी हाक मारली. वर्ग खो खो हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. पेटीवर इमामभाई असत. शहरातल्या निम्म्या पेट्या त्यांच्याच हातून दुरुस्त होऊन जात. गुरुजींनी त्यांना माझ्या हाकेचा सूर शोधायला सांगितला. तो सापडल्यावर मला म्हणाले, “हा तुझा सा. यावर पाय रोवून उभा राहा. बाकीचे सूर येतील मागनं.” त्या दिवसापासून मी कॉलेजच्या गायनवृंदात आहे; शिकून झाल्यावर तिथेच नोकरीला लागलो, म्हणून तो सुटला नाही.

हा वृंद थोरल्या मास्तरांनी उभा केला. त्यांचे नाव नारायणशास्त्री, पण ते नाव फक्त हजेरीपटावर होते. त्यांनी दोन रीती घालून दिल्या. गाताना कोणाचा सूर उतरला, तर संचालकांनी मेजावर तळहाताची थाप मारायची आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे. कोण चुकले ते संचालकांनी सांगायचे नाही. ज्याचे चुकले त्याने स्वतः हात वर करायचा, मग सगळ्यांनी मिळून पुन्हा सा लावायचा. दुसरी रीत अशी की, संचालकपद सोडणाऱ्याने घरी बसायचे नाही. त्याने शेवटच्या ओळीत, खिडकीपाशी बसून इतरांसारखे गायचे.

मी आलो तेव्हा दम्यामुळे थोरल्या मास्तरांनी नुकतेच मेज सोडले होते आणि गुरुजी त्या जागी आले होते. शेवटच्या ओळीत माझ्या शेजारी सत्तरीचे थोरले मास्तर बसत. एके दिवशी अंतरा चालू असताना त्यांचा सूर उतरला. मला तो कळला, म्हणजे सगळ्यांनाच कळला असणार. गुरुजींना तर शिष्य म्हणून त्यांच्यासमोर पान खायचीही चोरी. आता ते काय करतात, म्हणून मी पाहत राहिलो. थाप पडली. वर्ग गप्प झाला. शेजारून एक सुरकुतलेला हात वर गेला आणि थोरले मास्तर म्हणाले, “माझाच. पुन्हा घ्या.”

तास संपल्यावर व्हरांड्यात रांजणापाशी गुरुजी तोंडावर पाणी मारत उभे होते. एकदा, दोनदा, तीनदा. मी मूर्खासारखे विचारले, “एवढं अवघड हुतं तर कशाला थांबवलंत?”

ते म्हणाले, “न थांबवता पुढं गेलो असतो, तर ते वृंदातले राहिले नसते. पाहुणे झाले असते. वृंदात पाहुणा नसतो.”

एवढा मोठा माणूस आपल्याला शिकवतो, याची त्या दिवशी मला भीतीच वाटली. ती अजून गेलेली नाही.

गुरुजी ही रीत खोलीपुरतीच पाळत नसत. एकदा कॉलेजात कलेक्टरसाहेब आले होते. ईशस्तवन चालू असताना ऐन मध्ये थाप पडली. पाहुण्यांसमोर सगळे थिजले. सूर माझा उतरला होता, पण हात काही केल्या वर जाईना. तेव्हा गुरुजींनी शांतपणे स्वतःचा हात वर केला, सा लावला आणि ईशस्तवन पहिल्यापासून झाले. नंतर प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांना बोलावून घेतले. गाण्याचा तास बंद करीन, अशी धमकी दिली. गुरुजी म्हणाले, “साहेब, तास बंद करा. पण चुकलेलं तसंच पुढं रेटायला मी शिकवणार नाही. ही मंडळी उद्या गावोगाव पोरांपुढं उभी राहणार आहेत.” तास बंद झाला नाही, पण त्या वर्षी गुरुजींना बढती मिळाली नाही.

कलेक्टरसाहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गुरुजींच्या घरी जाऊन कबूल केले होते. गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, आधी भाकरी-पिठले पुढे ठेवले. गुरुजींनी मला पोटभर खाऊ दिले. मग म्हणाले, “मला ठाऊक होतं. तुझा सा मला ओळखू येत नाही होय? पुढच्या खेपेला हात तू वर कर, म्हणजे झालं.” इतकेच. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

या वर्षी गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या शब्दावरून मेज माझ्याकडे आले. कुठे ते आणि कुठे मी, हे मला कोणी सांगायला नको. पहिल्या तासाला मी मेजामागे उभा राहिलो, तर समोर शेवटच्या ओळीत खिडकीपाशी गुरुजी मांडी घालून बसलेले. मुलांसारखी वही उघडून.

तीन आठवडे सुरळीत गेले. चौथ्या आठवड्यात, अंतऱ्याला, गुरुजींचा सूर उतरला. माझा तळहात उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला. खाली येईना. गाणे पुढे गेले, संपले. इमामभाई मान खाली घालून पेटीचा भाता नीट करत बसले.

तेवढ्यात शेवटच्या ओळीतून हात वर गेला. “मास्तर,” गुरुजी म्हणाले. ही हाक त्यांनी मला आजवर कधी मारली नव्हती. “मी उतरलो होतो की. थांबवलं का न्हाई?”

एरवी वर्गात शुद्ध बोलणारे गुरुजी मन भरून आले की मोहोळच्या बोलीवर येत.

“धीर झाला नाही, गुरुजी.”

“मग मी हितं पाहुणा म्हणून बसू का?”

मी सा लावायला सांगितला. गाणे पहिल्यापासून सुरू झाले. अंतरा आला आणि त्याच जागी गुरुजी पुन्हा उतरले. दुसऱ्यांदा ते खरेच उतरले की मुद्दाम, हे मी विचारलेले नाही, विचारणारही नाही. या खेपेला माझी थाप मेजावर पडली. वर्ग थांबला. गुरुजींचा हात वर गेला. इतके समाधान मी त्यांच्या तोंडावर पूर्वी कधी पाहिले नव्हते.

तास सुटल्यावर मी रांजणापाशी तोंडावर पाणी मारत होतो. इमामभाई पेटी काखेला मारून जाता जाता थांबले. म्हणाले, “गुरुजी बी ऐसाच करे थे, मास्तर. हिताच, इसी जगा पर.”

गुरुजींनी शंभरी गाठावी, दमा-खोकल्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, वहिनींच्या हातची भाकरी त्यांना रोज मिळावी, अशी आम्हा सर्वांची परमेश्वराला विनंती आहे. माझी स्वतःची एक जास्तीची आहे. खिडकीपाशी ते पुष्कळ वर्षे बसोत, आणि जेव्हा जेव्हा त्यांचा सूर उतरेल तेव्हा तेव्हा माझा हात खाली येवो. ते पाहुणे होणार नाहीत, एवढे मी त्यांना या पानावर लिहून देतो.