चुलीमागची खिडकी

सौंसरच्या तहसील कचेरीसमोर एका लहानशा खोलीत बसून एक नक्शेवाले घरांचे नक्शे काढत. पंच्याऐंशी साली आमच्या प्लॉटवर बांधायच्या घराचं चित्रही त्यांनीच हातानं काढून दिलं. समोरची भिंत इतक्या पुसट रेघांची, की तिच्यातून मागची चूल, चुलीपाशी बसलेली बाई आणि तिच्यामागची खिडकी सगळं दिसायचं.

मी विचारलं, "भिंत काचेची आहे का?"

कानावरची पेन्सिल काढत ते म्हणाले, "भिंत तं सारेच काढतात, गुरुजी. मांगं कोण बसून राहिलं, ते दिसाले पायजे."

पुढच्याच वर्षी वडिलांच्या आजारपणात प्लॉट विकावा लागला. आम्ही बिनखिडकीच्या भाड्याच्या खोल्यांतच राहिलो. नक्शेवाल्यांना हे माहीत होतं; त्या रिकाम्या प्लॉटवरूनच ते रोज सायकलनं जात. तरी भेटले की चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "सैपाकघरात सकाळचं ऊन येते ना?" मला राग यायचा. मी विषय बदलायचो.

एकदा बस स्टँडवर त्यांनी तेच विचारलं, तेव्हा बायको सोबत होती. ती पटकन म्हणाली, "येते ना भाऊ. पण दुपारी लय तापते."

ते विचारात पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, पेटीतला तो कागद मागून घेतला आणि खिडकीवर छज्जा काढला. त्याची सावली हलक्या हातानं त्या बाईच्या पाठीवर आणली.

बायकोनं पदरानं गळ्यावरचा घाम पुसला.

"आता बरं वाटून राहिलं," ती म्हणाली.