युअर मॅजेस्टी, वेल्डर

"हा पेशंट राजघराण्यातला होता का?" बोर्डाच्या अध्यक्षबाईंनी स्क्रीनवरून विचारलं.

"नाही मॅडम. अस्करच्या कारखान्यातला वेल्डर."

"मग तुम्ही त्याला सारखं 'यस, युअर मॅजेस्टी' का म्हणताय?"

गुदैबियातल्या माझ्या खोलीत एसी चालू असूनही मला घाम फुटला.

मी बहारीनमधल्या एका हॉस्पिटलात चॅप्लिन आहे. म्हणजे ऑपरेशनआधी किंवा वाईट बातमीनंतर पेशंटजवळ बसणारा माणूस. बहुतेक चॅप्लिन कुठल्या ना कुठल्या धर्माचे. मी देव न मानणारा, मानवतावादी. आमच्यासाठीही सर्टिफिकेट असतं. एका भेटीचा व्हर्बेटिम, म्हणजे शब्दाला शब्द वृत्तांत, लिहायचा आणि बोर्डापुढे त्याची उलटतपासणी. एचआरनं बजावलं होतं, "सर्टिफिकेट नाही, तर नोकरीचं रिन्यूअल मफी." मफी म्हणजे इकडच्या अरबीत 'नाही'.

माझ्या व्हर्बेटिममधले पेशंट बाबलतात्या, मालवणकडचे. ऑपरेशनच्या सकाळी म्हणाले, "गाऱ्हाणा घालूया." गाऱ्हाणं म्हणजे कोकणात देवापुढे मोठ्यानं मांडायच्या मागण्या. एकानं मागायचं, जमलेल्यांनी दर मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी पडलो सातारचा, त्यात नवा नवा तत्त्वनिष्ठ. मी देव मानत नाही, यावर एक छोटं भाषणच ठोकलं.

"तुका मानूक कोणी सांगितला? गाऱ्हाणा मी घालतंय. तू नुसता व्हय म्हण. एकट्यान गाऱ्हाणा होणा नाय."

म्हटलं. आणि व्हर्बेटिममध्ये त्या 'व्हय म्हाराजा'चं इंग्रजी केलं, 'यस, युअर मॅजेस्टी'.

हे सगळं सांगितल्यावरही अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "म्हणजे तुम्ही प्रार्थना केलीत?"

"नाही. त्यांना साथीला माणूस हवा होता."

"शेवटची मागणी तुम्ही लिहिलेली नाही. नुसतंच 'यस, युअर मॅजेस्टी' आहे."

आली का पंचाईत! ती मागणी होती, "ह्या बिनदेवाच्या झिलाक त्येचा सर्टिफिकेट मिळू दे रे म्हाराजा!" झील म्हणजे पोरगा, अर्थात मी. आणि माझा सगळ्यात खणखणीत 'व्हय' त्यालाच होता.

सांगून टाकलं. स्क्रीनवरचे बोर्डाचे तिघेही म्यूट झाले. मनात म्हटलं, खलास. मग पाहिलं तर तिघांचेही खांदे हलत होते.

पास झालो. शेरा आला: 'पेशंटला त्याच्या पद्धतीनं धीर धरू दिला. भाषांतर सुधारावे.' मी सुधारणा केली ती एवढीच, की आता 'व्हय म्हाराजा' तसंच ठेवतो.

तपासणीला आलेल्या तात्यांना बातमी दिली.

"बघ! म्हाराजान आयकला."

"तात्या, सर्टिफिकेट बोर्डानं दिलंय."

तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाले, "व्हय म्हाराजा."