पावणेचारची भरती

तेजस आठल्ये कुणामुळे बुडाला, हे जुईनगरात कुणालाही विचारा. सांगतील, तुर्भे गावातल्या मनस्वी म्हात्रेमुळे. साफ खोटं! खरं काय ते आम्हा तिघांना माहीत होतं: मनस्वीला, तिचा आजा गोटीराम याला, आणि मला. आणि तिघंही मूग गिळून बसलो होतो. पोरगी आजाला वाचवायला, आजा भीतीनं, आणि मी, शहाजी निकम, त्याला गप्प बसायचा सल्ला देणारा दीडशहाणा. न मागता अक्कल वाटायची माझी साताऱ्यापासूनची खोड आहे.

गोटीरामला मी चौतीस वर्षं ओळखतो. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत आम्ही बरोबर होतो. मी ऑपरेटर, तो हेल्पर. त्याच्या बापाची खाडीकाठची भातशेती शहर वसवायला गेली, तिथं आता ट्रक उभे असतात. बदल्यात नोकरी मिळाली ती पिंपं ढकलायची. शेत गेलं, मग होडी गेली, मासळीला केमिकलचा वास यायला लागला तेव्हा जाळंही माळ्यावर गेलं. माणसाकडं राहिलं काय, तर भरतीची वेळ.

ती वेळ काढायची त्यांच्याकडे जुनी रीत आहे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पाणी भरतं. अष्टमी असली तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. तिथून सहा तास मागे किंवा पुढे मोजले की ओहोटी. गोटीराम बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायचा आणि फटकन सांगायचा. भरतीला कंपनीच्या गटारातून पाणी उलटं आत यायचं, तेव्हा टायवाले साहेबसुद्धा पिंपं कधी उचलायची ते या हेल्परला विचारायचे. विसर्जनाच्या आदल्या दिवशी मंडळवाले त्याच्या दारात. चौतीस वर्षांत मी त्याला एकदाही चुकलेला बघितला नाही. आणि खोटं कशाला बोलू, त्याला चुकलेला बघायची मला फार हौस होती.

मनस्वी त्याच्या मुलाची मुलगी. मुलगा कावीळ होऊन गेला, सून माहेरी गेली ती तिकडचीच झाली. पोरगी आजानं वाढवली. चिखलात पाय कसा टाकायचा, खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत वाट कशी धरायची, सगळं तिला त्यानं शिकवलं. "बाय, पानी कुनाचा मामा नाय," असं सांगायचा. आणि लगेच दुसऱ्या श्वासात, "पन तुजा आजा सांगल त्या येलंला जा, पानी तुला हात लावायचा नाय."

कॉलेजला गेल्यावर ती जुईनगरच्या एका युवा ग्रुपमध्ये शिरली. रविवारी सकाळी खाडीकाठी जाऊन तिवरांतलं प्लास्टिक काढायचं, हे त्यांचं काम. सोसायट्यांमधली पोरं ती, चिखलात उतरायची म्हणजे आधी सेल्फी. पण कामाला चांगली होती, मला उगाच नावं ठेवायची नाहीत. वेळ अर्थात गोटीराम द्यायचा. पोरं त्याला आजोबा म्हणायची, आणि हा लेकाचा निवृत्तीनंतर पुन्हा साहेब झाल्यासारखा छाती काढून चालायचा.

गेल्या डिसेंबरात ग्रुपनं अंदमानातल्या एका छोट्या बेटावर जायचं ठरवलं. बाराजण, दहा दिवस. किनारा साफ करायचा, तिथल्या शाळेला रंग द्यायचा. मनस्वीला त्यांनी किनाऱ्याच्या कामाची पुढारी केलं. तेजस एकोणीस वर्षांचा, ग्रुपमध्ये सगळ्यात लहान, आईवडिलांचा एकुलता एक. त्याचे वडील सुधीर बँकेत आहेत. जायच्या आधी ते गोटीरामच्या घरी आले. म्हणाले, "काका, आमच्या तेजसला पोहता येत नाही. पाठवू का?" गोटीराम म्हणाला, "बिनधास पाठवा. माजी नात हाय ना बरोबर."

पोरं पोचली, तीन-चार दिवस काम झालं. चतुर्थीच्या संध्याकाळी मी आणि गोटीराम नाक्यावरच्या टपरीवर चहा पीत होतो, तेव्हा मनस्वीचा फोन आला. बेटावर नेट चालत नव्हतं, ती कुठल्याशा दुकानातून बोलत होती. किनाऱ्यासमोर पाण्यात एक टेकाड होतं, मध्ये वाळूचा लांब पट्टा. ओहोटीला पट्टा उघडा पडतो, भरतीला बुडतो. टेकाडावर प्लास्टिकचा ढीग साचलेला. त्यांना नेणारा तिथला माणूस तापानं पडला होता, म्हणून सकाळी हे आपले आपण जाणार होते. "आजोबा, पट्ट्यावरून कधी जायचं?"

गोटीरामनं कप खाली ठेवला. अंगठा पेरांवर फिरला. "उद्या पंचमी. पाच पाऊने पावनेचार. दुपारी पावनेचारला भरती, म्हंजे सकालच्या पावनेधाला पार ओहोट. नवाला निंगा, साडेअकराच्या आत परत या. तवर पानी घोट्याच्या वर येत नाय."

"नक्की ना?"

"आजाला विचारतंस नक्की ना?"

मी तिथंच होतो. मी काय केलं? हसलो. म्हणालो, "आयला गोट्या, तुझी बोटं आता अंदमानातही चालायला लागली की!" टपरीवाल्याला दुसरा चहा सांगितला. दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यात एका क्षणासाठीही आलं नाही की तो समुद्र दुसरा आहे.

दुसऱ्या दिवशी नऊला पोरं पट्ट्यावरून गेली. पाणी घोट्याला लागत होतं. त्यांना वाटलं अजून उतरतंय. टेकाडावर पोती भरली. सव्वादहाला पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा दोघंतिघं म्हणाले, परत जाऊ. मनस्वी म्हणाली, "थांबा, ओहोटी आहे, उतरेल आत्ता." पावणेअकरापर्यंत थांबले. मग तेजस पहिलं पोतं खांद्यावर घेऊन निघाला. निम्म्या वाटेवर पट्टा खोलगट होता आणि तिथून पाणी आडवं धावत होतं. त्याचा पाय सुटला. पोतं सोड, पोतं सोड, म्हणून बाकीचे ओरडत होते. मनस्वीनं उडी घातली, तिच्या हाताला त्याचा शर्ट लागला आणि निसटला. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडला.

बातमी आली तशी गोटीराम माझ्यापाशी एकच विचारत बसला, "पन पानी कुठून आलं? पावनेचारची भरती, पानी कुठून आलं?" शेवटी माझ्या मुलानं, फोनचं त्याला काही ठाऊक नसताना, मोबाईलवर तिकडच्या भरतीचं वेळापत्रक काढलं. त्या दिवशी भरती दीडला होती. आपल्या खाडीच्या सव्वादोन तास आधी. माझा मुलगा समजावत होता, बाबा, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते, पाऊणपटीचा हिशोब फक्त आपल्याकडचा. गोटीराम त्या आकड्याकडं बघत राहिला. "चंद्र एकच ना रं?" एवढंच म्हणाला. बापजाद्यांपासून ज्यांनी एकाच खाडीचं पाणी बघितलं, त्यांना दुसरं पाणी वेगळ्या घड्याळानं चालतं हे कोण सांगणार?

मनस्वीनं तिथल्या पोलिसांना सांगितलं, अंदाज माझा चुकला. ग्रुपलाही तेच सांगितलं. आजाचं नाव कुठं काढलं नाही. तेजसला पेटीतून आणला तेव्हा त्याच्या आईनं, नमिताताईंनी, सगळ्या सोसायटीसमोर तिला धरलं. "पुढारी व्हायची हौस होती ना तुला? माझं पोर खाल्लंस!" पोरगी मान खाली घालून उभी. गोटीराम दहा पावलांवर. तोंड उघडलं त्यानं, मी त्याचा दंड दाबला. हो, मीच. घरी आणून त्याला म्हणालो, "गप बस. गेलेला येणार आहे का? उगाच या वयात पोलिसांचं लचांड. चार दिवस बोलतील नि विसरतील."

कसले विसरतात! चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. कॉलेजात तिच्या शेजारी कुणी बसेना. कुणीतरी तिचा फोटो तेजसच्या फोटोशेजारी लावून फिरवला. तिनं कॉलेज सोडलं. जेवायला बसायची आणि भात कालवत राहायची. गोटीराम तिच्यासमोर बसायचा आणि दोघं एकमेकांकडं बघायची नाहीत. बाविसाव्या वर्षी पोरगी म्हातारी दिसायला लागली.

महिना झाला तेव्हा गोटीराम सकाळीच माझ्या दारात आला. "चल जुईनगरला. मी सांगनार हाय." मी पुन्हा माझी टेप लावली. तो म्हणाला, "शाजी, तुजं ऐकून मी म्हैनाभर कुत्र्यावानी जगलो. आता तू गप." पहिल्यांदाच त्यानं मला गप केलं. बरं केलं.

सुधीररावांनी दार उघडलं. आम्हाला बसवलं, पाणी दिलं. माणूस वाळून गेला होता. गोटीराम बसलाच नाही. उभ्यानंच सांगितलं. फोन, पंचमी, पावणेचार, सगळं. "पोरीची चूक नाय. येल मी दिली. ती मला झाकते."

नमिताताई आतून आल्या होत्या, दाराशी उभ्या होत्या. मला वाटलं आता किंचाळतील. पण अगदी सावकाश म्हणाल्या, "चूक झाली, काका. तुम्हाला ठाऊक नव्हतं. ते मी कधीतरी गिळेनही. पण मी त्या पोरीला चारचौघांत नाही नाही ते बोलले. तुम्ही तिथं उभे होतात. महिनाभर तुम्ही तिला ते सोसू दिलंत?"

दंड तर मी दाबला होता. मी तेही सांगून टाकलं. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मला तिच्याकडे न्या."

आम्ही रिक्षानं तुर्भ्याला आलो. मनस्वी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. नमिताताईंना बघताच उठली आणि भिंतीला चिकटली, दोन्ही हात तोंडावर. तिला वाटलं आता मारतात. ताईंनी तिचे हात धरून खाली केले. म्हणाल्या, "बाळा, तुझ्या आजोबांनी सांगितलं मला. तुझी चूक नव्हती. मी तुला फार वाईट बोलले."

मला वाटलं, सुटली बिचारी. आता रडेल, मोकळी होईल. माझा अंदाज पुन्हा चुकला.

"नाही काकू," मनस्वी म्हणाली. "वेळ आजोबांनी दिली, पण मला दिसत होतं. टेकाडावर गेल्या गेल्या दिसलं. खेकडे बिळात शिरत होते. पाण्याच्या काठाला फेसाची रेघ वर सरकत होती. पाणी चढताना असंच दिसतं, हे मला सहा वर्षांची असल्यापासून माहिताय. तेजस मला बोलला पण, ताई, पाणी वाढतंय गं. मी त्याला बोलले, तुला काय कळतं."

गोटीराम उंबऱ्यावर बसला, बसला म्हणजे कोसळलाच. हात जोडल्यासारखे पुढं केले त्यानं तिच्यासमोर. "दिसत हुतं तर डोल्यांचं ऐकायचं ना, बाय! माजं कशाला ऐकलंस?"

मनस्वी पहिल्यांदा, महिन्यात पहिल्यांदा, त्याच्याकडं सरळ बघून बोलली.

"तुमी कधी चुकला नव्हता ना, आजोबा."

नमिताताई तिचे हात धरून तशाच उभ्या होत्या. आमच्यात सगळ्यात आधी त्याच रडल्या.